नवव्या भागाची तूट

४ नोव्हेंबर

टिल्ल्या,

तुला 'चिरंजीव' वगैरे लिहायला गेले की हसू येतं, म्हणून लहानपणचंच नाव. कंपनीत लोक तुला 'सर' म्हणतात हे ठाऊक आहे मला, पण ज्याचा शेंबूड मी पुसला त्याला मी सर म्हणणार नाही.

फोन केला की 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' म्हणतोस, आणि तुझं ते 'नंतर' कधी उजाडत नाही. म्हणून कागद. शिवाय आमच्या डायलिसिस केंद्रात यंत्रं चालू असताना टेक्निशियनने फोन हातात धरायचा नाही असा नियम आहे, आणि तो मीच केलाय. सहा खुर्च्या, सहा यंत्रं, एकेका माणसाचे चार चार तास. लिहायला वेळच वेळ.

खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीवर गेल्या महिन्यापासून कोण बसतंय, ओळख. आपले गणिताचे सर! दोन्ही मूत्रपिंडं गेली रे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहाच्या पाळीला येतात. मला पाहून पहिलं वाक्य, "अगं, तू इथे? आणि तो कुठे असतो?" तो म्हणजे तू. माझं कसं चाललंय हे विचारायला तिसरा दिवस उजाडला. असो, सवय आहे.

त्यांना सांगितलं की शहरातला कुठला पंप कधी चालवायचा हे ठरवणारा प्रोग्रॅम तुमच्या विद्यार्थ्याने लिहिलाय, आणि त्याची चाचणी सध्या आपल्याच शहरात चालू आहे. इतके खूष झाले की त्यांचा रक्तदाब मला दोनदा मोजावा लागला. आता त्यांना तुझी रीत समजून घ्यायची आहे. स्क्रीनवरचं दिसत नाही त्यांना, तेव्हा कागदावर मोठ्या अक्षरात लिही.

अजून एक. चाचणी सुरू झाल्यापासून सकाळी सहा ते नऊ आमच्या नळाला दाबच नसतो. केंद्र टेकडीवर, तुला माहीतच आहे. एका माणसाला एका वेळेला सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि ते गाळताना जवळपास तेवढंच वाया जातं. दाब पडला की गाळणी बंद पडते आणि सहाही यंत्रं एका सुरात कोकलतात. पाणीखात्यात तक्रार करू का? तुझं काम आहे म्हणून आधी तुला विचारते.

ताई


१२ नोव्हेंबर

ताई, आणि सर (कारण हा कागद तिच्याआधी तुमच्याच हातात असणार),

सर, नमस्कार. तुम्ही आजारी आहात हे वाचून वाईट वाटलं, आणि ताईच्या तावडीत सापडलात हे वाचून त्याहून वाईट. मला ताप आला की ही थर्मामीटर तोंडात कोंबून पाढे विचारायची.

आता रीत. शहरात एकशे बारा पंप आहेत. दिवसाच्या प्रत्येक तासाला प्रत्येक पंप चालू की बंद, हे वीज कमीत कमी लागेल असं ठरवायचं. अर्धा पंप चालवता येत नाही. म्हणजे दोन हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी वेळा 'हो की नाही'. बरं, पाइपातलं पाणीही सरळ वागत नाही: प्रवाह दुप्पट केला की दाबाची घट दुप्पट नाही, जवळजवळ चौपट होते. हो-नाही एकीकडे आणि ही वाकडी चाल दुसरीकडे. दोन्ही एकत्र आलं की कितीही मोठ्या संगणकाच्या तोंडाला फेस येतो.

म्हणून मी शहराचे अकरा भाग केले. तुम्हीच म्हणायचात ना, गणित अंगावर आलं की त्याचे तुकडे कर. प्रत्येक भाग आपलं छोटं गणित आपण सोडवतो. अडचण येते ती दोन भागांना जोडणाऱ्या पाइपांवर. वरचा भाग म्हणतो, मी साठ देतो. खालचा म्हणतो, मी ऐंशी धरलेत. मग मध्ये एक मध्यस्थ बसवलाय. तो भागांच्या आत डोकावत नाही, फक्त सीमेवरच्या पाण्याचा भाव थोडा वरखाली करतो आणि दोघांना परत गणित करायला लावतो. असं होता होता दोघांचा आकडा एक होतो, आणि सगळ्या शहराचा आराखडा दर तासाला पंधरा मिनिटांत तयार होतो.

शंका असतील तर विचारा सर. तुमच्या शंकांची भीती अजून गेलेली नाही.

तुमचा,
शेवटच्या बाकावरचा

(ताई, ही वेगळी चिठ्ठी फक्त तुला. तक्रार करू नकोस. चाचणी चार महिन्यांची आहे, आणि ती पास की नापास हे पाणीखातं एकाच गोष्टीवरून ठरवणार: लेखी तक्रारी किती आल्या. पास झाली तर मी कायम होतो, नाहीतर मार्चमध्ये घरी. दाब कधी पडतो त्या वेळा मला लिहून पाठव, मी पंधरा दिवसांत दुरुस्त करतो. बाहेर कशाला बोभाटा?)


२० नोव्हेंबर

टिल्ल्या,

तुझं पत्र सरांनी तीनदा वाचलं. एका हाताला सुया, त्यामुळे पान मला उलटावं लागतं, आणि मी जरा लवकर उलटलं की ओरडा खाते. बाकीच्या पाच खुर्च्यांनाही मध्यस्थाची गोष्ट सांगून झाली. चौथ्या खुर्चीवरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "आमच्या दोन जावांमध्ये बसवा की हो एक असा!"

सरांनी शंका काढली आहे, जशीच्या तशी लिहिते. "पंप अर्धा चालत नाही. मग भाव जरासा वाढवला की एकदम ऐंशी आणि जरासा उतरवला की एकदम चाळीस, असं होत राहील. साठ येणारच नाही. दोघं कधीच जुळले नाहीत तर पंधरा मिनिटांनी काय करतोस?"

आता तुझ्या चिठ्ठीबद्दल. आमच्याकडे रीत अशी आहे की पाणी कमी पडलं तर पाणीखात्यात तक्रार नोंदवायची, तिचा क्रमांक आला की त्याच दिवशी टँकर येतो. क्रमांक नाही तर टँकर नाही. तक्रार करायची नाही म्हणजे टँकरही नाही, कळलं का तुला? तरी थांबते. आपलेच दात, आपलेच ओठ. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात आणि मी समोर ठेवलेल्या कागदांवर सह्या करून जातात, त्यांना म्हटलं पाइपाचं काम चालू आहे. वेळा मागच्या पानावर आहेत.

पंधरा दिवस म्हणजे पंधराच.

ताई


२ डिसेंबर

ताई,

वेळांबद्दल शंभर आभार. तू इतक्या नीट लिहिल्या आहेस की इथे मी त्या थेट तक्त्यात घातल्या. असा माणूस मला ऑफिसात मिळाला असता तर!

सरांना सांग, शंका अगदी बरोबर. तसे हेलकावे येतात कधीकधी. पण त्यावर व्यवहारात उपाय असतात, ते जरा तांत्रिक आहेत, भेटीत सांगेन. सध्या तुझ्या वेळा वापरून काही आकडे बदलतोय. फरक पडेल. वेळा पाठवत राहा, दर आठवड्याला.

आणि तुमच्याकडे कोणी तक्रारीची भाषा करत असेल तर मला आधी कळव.

घाईत,
टिल्लू


१९ डिसेंबर

टिल्ल्या,

फरक पडला. आधी फक्त सकाळी सहा ते नऊ कोरडं असायचं, आता दुपारी तीन ते साडेचारही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. गच्चीवरची टाकी अर्धीसुद्धा भरत नाही.

सहाही जणांना चार तास पुरेल इतकं पाणी सकाळी मिळत नाही, हे गेल्या आठवड्यात स्पष्ट झालं. म्हणून तक्ता मी नव्याने केला. शिंपीणबाईंचा मुलगा वकिलाकडे कारकून आहे, एक मिनिट कमी केलं तर नोटीस आणेल. पाचव्या खुर्चीवरच्या ड्रायव्हरचं पोटॅशियम आधीच वर. पहिल्या दोघांचे नातेवाईक दारातच बसलेले असतात. सहावीवरची पोरगी एकोणीस वर्षांची आहे. राहिले सर. त्यांच्या चार तासांतला एक कमी केला, तीन केले. त्यांना म्हटलं, थोडे दिवस. ते म्हणाले, "ठीक आहे ग, तुम्हाला जमेल तसं करा." घरचाच माणूस, त्यांच्याशी बोलता तरी येतं.

'भेटीत सांगेन' ऐकून सर हसले. म्हणाले, "उत्तर येत नसलं की हा खोकायचा, आठवतं?" पण ते गप्प बसलेले नाहीत. त्यांचं घर खाली बाजाराकडे. सुनेला नळाच्या वेळा लिहायला लावल्या. आमच्याकडे ठणठणाट असतो तेव्हा त्यांच्याकडे धो धो येतं, अगदी शनिवारी दुपारी, सगळं शहर पेंगत असताना सुद्धा. माझ्या वेळा आणि सुनेच्या वेळा शेजारी शेजारी मांडून ते मला म्हणाले, "पाणी आहे. मग तूट पडते आहे की टाकली जाते आहे, एवढंच त्याला विचार."

विचारलं. उत्तर दे.

ताई


५ जानेवारी

ताई,

एक मस्त बातमी! दोन महिन्यांचा आढावा झाला. वीज अठरा टक्के वाचली आणि लेखी तक्रारी शून्य. पाणीखात्याचे मुख्य अभियंता म्हणाले, असं आम्ही कधी पाहिलं नाही. आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. अजून दोन शहरांतून विचारणा आली आहे.

यात तुझा वाटा मोठा आहे, आणि मी तो विसरणार नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत कळ काढ. नंतर तुमचा भाग मी स्वतः बसून नीट करतो.

सरांना नमस्कार सांग. त्यांच्या शंकेवर सविस्तर लिहितो.

टिल्लू


१४ जानेवारी

टिल्ल्या,

माझा वाटा मोठा आहे म्हणे! मी एक प्रश्न विचारला होता, तुझ्या पाठीवर थाप कुणी मारली ते नव्हतं विचारलं.

सरांचे पाय सुजलेत. मोज्याची खूण दुपारपर्यंत जात नाही. वजन दर वेळी दीड-दोन किलो जास्त भरतं, म्हणजे तेवढं पाणी अंगात राहिलेलं. एक जिना चढून आले की पाच मिनिटं बोलता येत नाही. मी त्यांचा तास परत द्यायचा म्हणते, तर सकाळची टाकी बघून गप्प बसावं लागतं. तुझ्या पंधरा दिवसांना आज दोन महिने झाले.

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. दोन भाग जुळले नाहीत तर पंधरा मिनिटांनी काय होतं? आणि ते आमच्याच भागात का होतं? सरळ लिही, नाहीतर मी पाणीखात्यात जाते. मला धमकी-बिमकी देता येत नाही, मी आपली सांगून ठेवते.

ताई


२२ जानेवारी

ताई,

ठीक आहे. हे सरांना दाखवू नकोस.

भाग जुळायचे नाहीत. सरांनी जे पाहिलं ते मला चाचणीच्या आधीच दिसलं होतं. मध्यस्थ भाव वाढवायचा, पंप चालू. उतरवायचा, पंप बंद. आणि पंधरा मिनिटं संपायची. आराखडा नाही म्हणजे चाचणीच नाही. सगळे करतात तेच मीही केलं: प्रत्येक भागाला 'तूट' घ्यायची मुभा दिली. सीमेवर जेवढं जुळत नाही तेवढं कुठल्यातरी भागाने कमी घ्यायचं, आणि त्या तुटीबद्दल एकूण हिशोबात दंड धरायचा. दंड मोठा असला की प्रोग्रॅम त्या भागात तूट टाकत नाही. कुठेतरी एका ठिकाणी दंड लहान ठेवला की सगळी न जुळणारी बाकी तिथे जाऊन बसते आणि उरलेलं शहर झटकन जुळतं. खरंच झटकन. चार मिनिटांत.

दंड मी नळजोडांच्या संख्येवरून धरला. नवव्या भागात, म्हणजे तुमच्या टेकडीवर, सगळ्यात कमी जोड आहेत: चारशे बारा. तुमचं केंद्र त्यातला एक जोड. कागदावर ते इतरांसारखं एक घर आहे.

पण खरं विचारतेस तर सांगतो. नववा आणि चौथा, दोन्ही लहान होते. दोन्हींपैकी कुठलाही घेता आला असता. नववा घेतला कारण तिथे तू होतीस. तू तक्रार करायच्या आधी मला लिहिशील हे मला माहीत होतं. बाकीची घरं उरलेल्या वेळात बादल्या भरून भागवतात, लेखी तक्रार द्यायला जात नाहीत. आणि डिसेंबरात फक्त तुझ्या वेळा आल्या, खात्यात तक्रार एकही नाही, तेव्हा कळलं की तिथून काहीच बाहेर जात नाहीये, आणि दंड अजून उतरवला. म्हणून दुपारही गेली.

वाईट हेतू नव्हता ग. कुणावर तरी पडणारच होतं. परक्याच्या गळ्यात बांधण्यापेक्षा आपल्या माणसाला सांगता येतं, असं वाटलं.

टिल्लू


३ फेब्रुवारी

तुला,

सर गेले. सोमवारी पहाटे, घरी.

शनिवार ते मंगळवार हा आमच्याकडचा सगळ्यात लांब खंड. मध्ये दोन दिवस यंत्र नाही. पुरते चार तास मिळालेला माणूस तो खंड काढतो. हे दीड महिना तीन तासांवर होते. मंगळवारी सकाळी त्यांची सून आली, ते आले नाहीत. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं आहे, आणि ते खोटं नाही.

तुझं पत्र मी त्यांना शनिवारी वाचून दाखवलं. दाखवू नकोस म्हणाला होतास. आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकलं नाही. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हा शाळेतही असंच करायचा. पुस्तकाच्या शेवटी दिलेलं उत्तर बघून मधल्या पायऱ्या रचायचा. मी पूर्ण मार्क द्यायचो, हुशार आहे म्हणून." थोडे हसले. मग खिडकीबाहेर बघत विचारलं, "आणि माझा तास कुणी कमी केला ग? डॉक्टरांनी?"

मी म्हटलं, हो, डॉक्टरांनी.

तुला शिव्या द्यायला बसले होते. पहिलं पान भरलं, फाडलं. कारण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सुटत नाहीये: तिथून काहीच बाहेर जात नाहीये म्हणून दंड उतरवला. टिल्ल्या, मी काय वेगळं केलं? सहा खुर्च्यांवर नजर फिरवली, कोण भांडेल, कोण नोटीस आणेल, कुणाचं माणूस दारात बसलंय, हे पाहिलं, आणि जो गप्प राहील त्याच्या अंगावर तूट टाकली. घरचा माणूस म्हणून! तू आकड्यांनी केलंस, मी शिसपेन्सिलीने केलं. तुझ्या यंत्राला निदान त्यांचे पाय दिसत नव्हते. मी दर पाळीला ती सूज बोटाने दाबून बघत होते.

आपल्या घरात हे शिकवलंच गेलंय आपल्याला. दोघांपैकी एकालाच पुढे शिकवता येईल म्हटल्यावर कुणी मला विचारलं नव्हतं. ताई समजूतदार आहे, एवढंच सगळे म्हणाले, आणि मलाही ते ऐकून बरं वाटलं होतं. किती मूर्ख होते मी.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचलं. सर मला किती जवळचे होते ते तुला सांगायला नको. दोन दिवस ऑफिसला गेलो नाही.

पण एक शांतपणे ऐक. सत्तरीच्या पुढचा माणूस, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. अशा मृत्यूला एक कारण नसतं. तू स्वतःला दोष देऊ नकोस, आणि खरं सांगायचं तर मलाही देऊ नकोस. चार तास मिळाले असते तर ते वाचले असते, असं तूही शपथेवर सांगू शकणार नाहीस.

मी लगेच दुरुस्ती केली आहे. पाच तारखेला नवव्या भागाचा दंड इतरांच्या बरोबरीने वाढवला. आता तुमचा दाब नीट आला असेल. तूट गेली नाही अर्थात, ती चौथ्या भागात गेली. तिथे आपलं कुणी नाही. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे.

आता विनंती. माझी पत्रं, विशेषतः २२ तारखेचं, जाळून टाक. ते मी भाऊ म्हणून लिहिलं होतं, कंपनीचा माणूस म्हणून नाही. माझ्यासोबत इथे चौघांची नोकरी आहे. सर असते तर त्यांनीही मला असं उघड्यावर टाकलं नसतं. तू तर माझी ताई आहेस.

टिल्लू


२४ फेब्रुवारी

टिल्ल्या,

चौथ्या भागात आपलं कुणी नाही, हे तू ज्या सहजतेने लिहिलंस ते वाचून मी उठले आणि चपला घातल्या. बसने चौथ्या भागात गेले. तिथे एक धुलाईघर आहे, एक पाळणाघर, आणि दोन गल्ल्या भरून घरं. पाळणाघरातली बाई बादल्या घेऊन कोपऱ्यावरच्या नळाशी उभी होती. आठवडा झाला म्हणाली, कुणाला सांगायचं तेच कळत नाही. मी सांगितलं कुणाला सांगायचं ते. तिला हाताला धरूनच पाणीखात्यात नेलं. तिने तिचा अर्ज दिला, मी माझा. माझ्या अर्जाला तुझी सगळी पत्रं जोडली, चिठ्ठीसकट. माझ्या पत्रांच्या कच्च्या प्रती वहीत होत्या, त्याही जोडल्या, म्हणजे निवडक पत्रं देऊन मी माझी लाज झाकली असं नको.

तिथला कारकून म्हणाला, "ताई, तुमच्या भागातून कधीच काही आलं नाही, आम्हाला वाटलं तुमचं उत्तम चाललंय." पाळणाघरापाशी टँकर त्याच संध्याकाळी आला. इतकं सोपं होतं बघ ते.

आमच्या अर्जांवरून काल चौकशीला तिघे जण केंद्रात आले. डॉक्टर होते, सरांची सून होती. तुझ्या दंडाबद्दल त्यांनी बरंच विचारलं, मला जेवढं समजलं होतं तेवढं सांगितलं. मग त्यांच्यातल्या चष्मेवाल्या बाईंनी तक्ता पुढे केला. "तिसऱ्या खुर्चीचा एक तास कमी कुणाच्या सांगण्यावरून झाला? सही डॉक्टरांची दिसते." डॉक्टर काही बोलले असते की नाही मला माहीत नाही, मी त्यांना वेळ दिला नाही. म्हटलं, सही त्यांची, ठरवलं मी. बाई म्हणाल्या, त्यांचाच का? मी म्हटलं, कारण ते तक्रार करणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

सून ऐकत होती. दर पाळीला सासऱ्यांना हाताला धरून आणायची, मला ताई ताई करायची. ती उठली, पर्स घेतली, आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. मी तिच्या मागे दारापर्यंत गेले, आणि परत येऊन चष्मेवाल्या बाईंसमोर बसले.

चौकशी संपेपर्यंत मी कामावर जायचं नाही, असं आज सांगण्यात आलं. सकाळी पाचला जाग येते आणि काय करावं कळत नाही. शिंपीणबाईंनी निरोप पाठवलाय की नव्या पोरीला सुई नीट टोचता येत नाही.

आता ते तुझ्याकडे येतील. कदाचित हे पत्र पोचायच्या आत आलेही असतील. तुला सांभाळून घ्यायला मी नाही, आणि तुझी चूक थोडी माझ्या नावावरही लिहा असं मी म्हटलेलं नाही. माझी मी सांगितली आहे. ते विचारतील की नववा भाग का निवडला, तेव्हा नळजोडांची संख्या सांगून मोकळा होऊ नकोस. मला पत्र लिहू नकोस. लिहिलंस तर न उघडता त्या चष्मेवाल्या बाईंकडे पाठवीन. जे काही सांगायचं असेल ते त्यांना सांग.

ताई